दीडशहाणा टीव्ही

'स्मार्ट' ह्या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता, ह्यावर आपल्या मंडळींत अधूनमधून वाद रंगतो. कुणी चतुर म्हणतं, कुणी हुशार, कुणी चुणचुणीत. फोनचं काय ते तुम्ही ठरवा, पण टीव्हीपुरता माझा शब्द पक्का आहे... दीडशहाणा! विचारलं नसताना सल्ला देणारा, सांगितलेलं काम सोडून भलतंच काहीतरी करणारा आणि वर 'तुमच्याच सोयीसाठी हो' म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येकाच्या नात्यात असतो. (नातेवाईक वाचकांनी कृपया मनावर घेऊ नये :-) ) हल्ली तसाच एक बहुतेकांच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेलाही असतो.

आधीच सांगून टाकतो, मी 'जुनं ते सोनं'वाल्यांपैकी नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं टीव्ही बघणं म्हणजे निम्मी मेहनत आणि निम्मी करमणूक होती. एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, "आलं... आलं... गेलं!" पडद्यावर मुंग्या आल्या की डब्याच्या डोक्यावर एक चापट मारायची. १९८२ मध्ये रंग आले, पण चापट काही सुटली नाही. त्या मानाने आजचा पडदा म्हणजे चमत्कार आहे. फोर-के पडद्यावर ८० लाखांहून जास्त ठिपके असतात आणि क्रिकेटच्या चेंडूची शिवणसुद्धा दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठा पडदा अजून थोडा आवाक्यात आला. चांगलंच झालं.

तेव्हा माझी तक्रार चित्राबद्दल नाही. तक्रार आहे ती चित्राच्या मागे बसवलेल्या कॉम्प्युटरबद्दल, आणि तो कॉम्प्युटर नक्की कुणाची चाकरी करतो ह्याबद्दल.

लावायचा कसा?

जुन्या टीव्हीला दोन कान होते. एक पिळला की चालू व्हायचा, दुसरा पिळला की आवाज. चार वर्षांच्या नातवापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत कुणालाही तो लावता यायचा. आता आमच्या आईचं बघा. वय ८१, सांगलीत एकटी राहते, डोकं एकदम तल्लख. बँकेचं पासबुक स्वतः भरून आणते, गॅसचा नंबर फोनवरून लावते. पण टीव्ही लागत नाही म्हणून तिचा आठवड्यातून दोनदा फोन येतो.

"अरे, टीव्ही बिघडलाय."

बिघडलेला नसतो. हात लागून इनपुट बदललेलं असतं, नाहीतर कुठल्यातरी ॲपचं नवीन व्हर्जन आल्याची पाटी मध्येच येऊन बसलेली असते. मग दोनशे किलोमीटरवरून आमचा संवाद चालू होतो. "आई, रिमोटवर घराचं चित्र दिसतंय का? ते दाब." "दाबलं. इथे कसलंतरी इंग्रजी आलंय आणि खाली दोन चौकोन आहेत. ओके म्हणू का?" आता ते इंग्रजी काय आहे हे तिला वाचता येत नाही आणि मला दिसत नाही. शेवटी शेजारच्या मुलाला बोलवावं लागतं. परवा ती सहज म्हणाली, "हल्ली मी संध्याकाळी लावतच नाही. सारखं त्या पोराला काय बोलवायचं? बरं नाही दिसत."

ह्यात माझ्या मते खरा प्रश्न आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळच्या बातम्या म्हणजे नुसत्या बातम्या नसतात, घरात कुणीतरी बोलत असतं. ज्या बाईने पन्नास वर्षं संसार केला, तिला सह्याद्रीच्या बातम्या लावायला परक्याची मनधरणी करावी लागते आणि ह्याला आपण प्रगती म्हणतो. तिला 'जमत नाही' असं नाही. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांच्या डोळ्यांसमोर ती कधी नव्हतीच.

रिमोटकडे नीट बघा म्हणजे समोर कोण होतं ते कळेल. अनेक रिमोटवर आता आकडे नसतात, इनपुटचं बटण नसतं. पण निरनिराळ्या ओटीटी कंपन्यांच्या नावाची चार ठळक, रंगीत बटणं असतात. ती तुमच्या सोयीसाठी नाहीत. त्या जागेसाठी ओटीटी कंपन्या टीव्ही कंपन्यांना पैसे मोजतात. तुमच्या हातातल्या रिमोटवरची जागा भाड्याने गेली आहे, आणि भाडं तुम्हाला मिळत नाही!

दोन वेगळी आयुष्यं

दुसरी गोष्ट वयाची. पडदा नीट वापरला तर सहज दहा वर्षं चालतो. त्यामागचा कॉम्प्युटर मात्र चार-पाच वर्षांत धापा टाकायला लागतो. बाजारातल्या कितीतरी स्वस्त ३२ इंची टीव्हींत एक जीबी रॅम आणि आठ जीबी साठवण असते. एवढ्या भांडवलावर आजचा साधा फोनही कुणी घेणार नाही. त्यात दर महिन्याला ॲपं फुगत जातात. मग रिमोटचं बटण दाबायचं आणि चहा टाकून यायचं.

आणि कधीकधी ॲप नुसतं मंद होत नाही, बंदच होतं. २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी यंत्रणा बंद केली, तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या अनेक स्मार्ट टीव्हींवरचं यूट्यूब गेलं. डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या २०१०-११ च्या काही टीव्हींवरून नेटफ्लिक्स गेलं. पडदा ठणठणीत, आवाज ठणठणीत, पण ज्याच्यासाठी चार पैसे जास्त मोजले ते 'स्मार्ट'पण संपलेलं. पूर्वी टीव्ही बिघडला की कोपऱ्यावरचा मेकॅनिक यायचा, मागचं झाकण उघडून एखादा पार्ट बदलायचा आणि गाडी पुन्हा रुळावर. आता बिघाड टीव्हीत नसतोच, हजारो मैलांवरच्या कुठल्यातरी निर्णयात असतो. तिथे कुठला मेकॅनिक जाणार?

बरं, दुधाच्या पिशवीवर तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते. टीव्हीच्या खोक्यावर मात्र 'ह्यातलं सॉफ्टवेअर अमुक सालापर्यंत चालेल' असं लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. हे अशक्य आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे, की इंटरनेटला जोडली जाणारी वस्तू विकताना तिला सुरक्षेचे अपडेट किमान कुठपर्यंत मिळतील हे कंपनीने जाहीर करायचं. स्मार्ट टीव्ही त्यात आले.

तुम्ही टीव्ही बघता, आणि टीव्ही...

आता सगळ्यात खटकणारी गोष्ट. पुष्कळ स्मार्ट टीव्हींत पडद्यावर काय चाललंय ते ओळखणारी एक सोय असते. तिचं तांत्रिक नाव एसीआर. पडद्यावरच्या चित्राचा आणि आवाजाचा एक छोटासा ठसा टीव्ही काढतो, कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो, आणि तिथे तो ठसा मोठ्या साठ्याशी ताडून बघितला जातो. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा तसा ठशावरून कार्यक्रम ओळखला जातो. म्हणजे ह्या घरात किती वाजता, काय, किती वेळ बघितलं, सगळं कळलं.

हा काही माझ्या मनाचा संशय नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने फेब्रुवारी २०१४ पासून सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवरची माहिती सेकंदासेकंदाने, लोकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याचा आरोप तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने ठेवला आणि २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. २०२४ मध्ये लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही तपासले. एलजीचा टीव्ही दर १० मिलिसेकंदांनी तर सॅमसंगचा दर ५०० मिलिसेकंदांनी पडदा टिपतो, आणि टीव्हीला एचडीएमआयच्या वायरने दुसरं काही जोडलं, अगदी लॅपटॉपसुद्धा, तरी हे काम चालू राहतं असं त्यांना दिसलं. दिलासा एवढाच, की सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद केली की पाठवापाठवी खरोखर थांबते, हेही त्यांनी तपासून पाहिलं.

ह्यामागचं अर्थकारण साधं आहे. त्याच व्हिझिओचा २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीतला ढोबळ नफा बघा. टीव्ही विकून जेवढा मिळाला त्याच्या दुपटीहून जास्त जाहिराती आणि माहितीच्या धंद्यातून मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने सुमारे २३० कोटी डॉलर मोजून ही कंपनी घेतली. दुकानदाराने टीव्हीची कंपनीच विकत घेतली ती काही पडद्याच्या काचेसाठी नव्हे.

इथे कुणी म्हणेल, "संमती तर आपणच देतो की! सुरुवातीला ओके दाबतो ना?" दाबतं कोण, हा माझा प्रश्न आहे. आठवा बरं, तुमच्या घरी टीव्ही बसवायला कंपनीचा माणूस आला होता. भिंतीला भोकं पाडली, स्टँड ठोकला, टीव्ही टांगला, आणि मग रिमोट हातात घेऊन त्यानेच ओके, ओके, ॲग्री, नेक्स्ट, ओके केलं, कारण त्याला पुढच्या घरी जायचं होतं. तुम्ही तेव्हा आत त्याच्यासाठी पाणी आणायला गेला होतात. म्हणजे आपल्या घरातलं सगळं बघू देण्याची परवानगी ड्रिल मशीनवाल्या दादांनी देऊन टाकली!

आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. त्यात एक तरतूद मला फार मोलाची वाटते. संमती मागताना ती विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची मुभा द्यायला हवी. मराठी त्यात आहेच. "आम्ही तुम्ही काय बघता त्याची नोंद ठेवून जाहिरातदारांना देऊ, चालेल का?" असं शुद्ध मराठीत, मोठ्या अक्षरात पडद्यावर आलं, तर आमची आई ओके म्हणेल? ती काय म्हणेल ते मी इथे लिहू शकत नाही :-)

आवाज, चित्र आणि भाषा

आता थोड्या किरकोळ पण रोजच्या गोष्टी. टीव्ही जितका सडपातळ, तितका स्पीकर बारीक. त्याला जागाच उरलेली नाही. बहुतेक टीव्हींत तो खाली किंवा मागे तोंड करून बसवलेला असतो, त्यामुळे आवाज आधी भिंतीला आणि मग आपल्याला. मारामारी दणक्यात ऐकू येते, संवाद मात्र "काय म्हणाला? काय म्हणाला?" करत ऐकावा लागतो.

चित्राचंही तसंच. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. टीव्ही स्वतःच्या डोक्याने मधली चित्रं तयार करून भरतो, आणि मग उत्तम सिनेमासुद्धा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना 'कृपा करून हे बंद करा' असं सांगितलं होतं. २०१९ मध्ये कंपन्यांनी आणि दिग्दर्शकांनी मिळून 'फिल्ममेकर मोड' काढला. पण तो पाच मेन्यूंच्या आत दडलेला, आणि नको असलेली कारागिरी मात्र खोक्यातून काढल्यापासून चालू.

भाषेचं तर विचारूच नका. मागे घरात सगळे जमलो होतो. काकांना लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' बघायची हुक्की आली. माइकचं बटण दाबून त्यांनी खणखणीत आवाजात नाव सांगितलं. टीव्हीने थोडा विचार केला आणि लंडनच्या सहलीचे व्हिडिओ समोर ठेवले. काका म्हणाले, "ह्याला वऱ्हाड दिसलंच नाही, नुसतं लंडन दिसलं!" सगळे हसलो, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इतक्या कोटी लोकांची भाषा ह्या यंत्राला अजून पाहुण्यासारखी आहे.

मग करायचं काय?

नुसती कुरकुर करून थांबणं मला पटत नाही. मला हवा असलेला टीव्ही असा :

१. लावला की शेवटचा चॅनेल लागावा. ॲपं, जाहिराती, शिफारशी सगळं नंतर, मी विचारलं तर. आणि एक 'साधा मोड' असावा, रिमोटवरच्या एकाच बटणावर. कितीही घोळ झाला तरी ते दाबलं की आपण घरी!

२. मेंदू बाहेर काढता यावा. पडदा दहा वर्षांचा आणि मेंदू चार वर्षांचा असेल, तर दोघांना एकत्र चिकटवू नका. एखादी छोटी डबी मागच्या खाचेत बसवा. जुनी झाली की तेवढीच बदलू. पैसे वाचतील आणि ई-कचराही.

३. खोक्यावर साल छापा. विजेच्या बचतीचे तारे चिकटवता, तसंच 'अपडेट अमुक सालापर्यंत'.

४. पाळत ठेवणारी सोय मुळात बंद असावी. ज्याला हवी त्याने चालू करावी.

५. डिशचा ट्यूनर आतच द्या. भारतीय मानक ब्युरोने त्याचं मानकही ठरवलंय, आयएस १८११२ : २०२२. असा टीव्ही असेल तर छपरावर छत्री लावली आणि वायर जोडली, की दूरदर्शनच्या फ्री डिशवरचे खुले चॅनेल वेगळ्या सेट टॉप बॉक्सशिवाय दिसतील. एक डबा कमी, एक रिमोट कमी. आईसारख्यांचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

ह्यावर कंपन्यांचं उत्तर मला माहीत आहे. "जाहिराती आणि माहितीमुळेच तर टीव्ही स्वस्त मिळतो!" मुद्दा अगदीच खोटा नाही. ज्याला दोन-तीन हजार वाचवायचे आहेत त्याच्यासाठी ते दोन-तीन हजार खरे असतात, आणि त्याला नाकं मुरडणारे आपण कोण? पण मग दोन किमती लावा. हा जाहिरातींसकट, हा जाहिरातींशिवाय. वर्तमानपत्र स्वस्त मिळतं ते जाहिरातींमुळेच, हे आपल्याला ठाऊक असतं. पण वर्तमानपत्र आपण कुठलं पान किती वेळ वाचलं हे कुणाला जाऊन सांगत नाही. स्वस्ताईची खरी किंमत काय, हे घेण्याआधी कळलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

आणि बदल होतच नाहीत असंही नाही. आपल्याकडच्या स्पर्धा आयोगापुढे अँड्रॉइड टीव्हीचं प्रकरण होतं. एप्रिल २०२५ मध्ये गूगलने २० कोटी २४ लाख रुपये भरून तडजोड केली. टीव्ही कंपन्यांना भारतात प्ले स्टोअर घेताना बाकीचा सगळा गठ्ठाही घ्यावा लागत असे. आता फक्त प्ले स्टोअर आणि त्याच्या सेवांचा परवाना वेगळा घेता येईल असं ठरलं. म्हणजे वेगळा, साधा, आपल्या लोकांना झेपेल असा टीव्ही बनवायला निदान एक दार उघडलंय. त्यातून कुणी जातं का ते बघायचं.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? थोडं आहे. सेटिंगमध्ये 'व्ह्यूइंग डेटा', 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन' किंवा तत्सम नावाने लपलेलं ते एसीआर शोधा आणि बंद करा. पुष्कळ टीव्हींत चालू झाल्यावर थेट शेवटचं इनपुट लावायची सोय असते, ती घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी चालू करून द्या. आवाजाच्या मेन्यूत संवाद स्पष्ट करणारा पर्याय बहुधा सापडतो. चित्राच्या मेन्यूतलं 'मोशन' नावाचं जे काही असेल ते सिनेमापुरतं तरी बंद करा. टीव्ही म्हातारा झाला असेल, तर नवा घेण्याआधी काही हजारांची एक स्टिक मागे लावून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. आणि फक्त डिशच बघणार असाल तर वायफायचा पासवर्ड त्याला देऊच नका. न दिलेला पासवर्ड तो कुणाला सांगणार?

आणि दिवाळीत नवा टीव्ही घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याला इंच आणि ईएमआयच्या पुढे जाऊन तीन प्रश्न विचारा. ह्याला अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळणार? माझं बघणं तो कुणाला सांगतो, आणि ते बंद कसं करायचं? आणि माझ्या आईला हा एकटीने लावता येईल का? पहिल्यांदा विचाराल तेव्हा तो बिचारा डोकं खाजवेल, आत जाऊन मॅनेजरला विचारून येईल. पण गिऱ्हाइकं विचारायला लागली की दुकानदार कंपनीला विचारतो, असा माझा अनुभव आहे. पंख्याच्या आणि फ्रिजच्या ताऱ्यांबद्दलही आधी कुणी विचारत नव्हतं, आता पहिला प्रश्न तोच असतो.

तुमच्याकडच्या टीव्हीचे काय काय प्रताप आहेत तेही जरूर लिहा. आणि एखादा खरंच साधा, म्हाताऱ्या माणसांना झेपणारा टीव्ही किंवा रिमोट कुणाला सापडला असेल, तर आधी तो कळवा. इथे तीन-चार घरांत तरी त्याची वाट बघताहेत.